टेलि-मानस 14416 : आजाराच्या नावाआधी दिनक्रम विचारणारी सेवा

घरातल्या माणसाचे वागणे बदलू लागले की पहिला प्रश्न कोणाला विचारावा, हे आपल्याकडच्या बहुतेक कुटुंबांना ठाऊक नसते. मानसोपचारतज्ज्ञाकडे थेट जाणे अनेकांना फार मोठे पाऊल वाटते, शेजारी विचारण्याची सोय नसते, आणि नातेवाइकांचे सल्ले बहुधा लग्न लावून द्या, नवस बोला किंवा फिरायला घेऊन जा यांच्या पलीकडे जात नाहीत. ही अडचण टेलि-मानस या सरकारी दूरध्वनी सेवेने बऱ्याच अंशी दूर केली आहे. आमच्या कुटुंबाने ती वापरली, नंतर परिचयातल्या काही कुटुंबांनाही मी ती सुचवली, आणि त्या अनुभवावरून तिचे गुण आणि तिच्या मर्यादा येथे मांडत आहे.

ही सेवा केंद्र सरकारने 10 ऑक्टोबर 2022 रोजी, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनी, सुरू केली. 14416 हा तिचा छोटा क्रमांक आणि 1800-891-4416 हा दुसरा. दोन्ही निःशुल्क असून चोवीस तास सुरू असतात. मराठीसह 20 भाषांत बोलता येते. बंगळूरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था या कार्यक्रमाचे मुख्य केंद्र आहे, तर तांत्रिक यंत्रणा तिथल्याच आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेने उभी केली आहे. रचना दोन पातळ्यांची आहे. पहिल्या पातळीवर राज्यातील केंद्रांतले प्रशिक्षित समुपदेशक फोन घेतात आणि गरज पडल्यास तिथल्या तज्ज्ञाकडे तो जोडून देतात. दुसऱ्या पातळीवर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, वैद्यकीय महाविद्यालये आणि ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन डॉक्टर-सल्ला सेवेसारख्या सोयींमार्फत प्रत्यक्ष तपासणी किंवा दृक्‌श्राव्य सल्ला मिळवून देणे अपेक्षित आहे. फेब्रुवारी 2025 पर्यंत या सेवेकडे 18 लाखांहून अधिक फोन आले होते. लोकांना अशा दाराची किती गरज होती, हे या आकड्यावरून दिसते.

आमच्याकडे प्रश्न आत्याचा होता. ती पूर्वीपासून काटेकोर आणि सोवळे-ओवळे पाळणारी, त्यामुळे तिचे हात धुणे वाढत चालले आहे हे कोणाच्या ध्यानात आले नाही. बाहेरून आलेल्या माणसाने नळाला हात लावला की ती नळ धुई, मग ज्या हाताने नळ धुतला तो हात, मग हातावरचे पाणी जिथे उडाले ती फरशी, आणि इतके करून मध्येच कोणी हाक मारली तर सगळे पुन्हा पहिल्यापासून. तिच्या बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या आणि भांडी घासायच्या पावडरीने त्या झोंबत, तरी तिचे हात थांबत नसत. आतोबा तिच्या समाधानासाठी दारातच कपडे बदलून आत येऊ लागले होते. आतेभावाने घरी मित्रांना बोलावणे सोडले होते. घरात या सगळ्याला नाव होते ‘आत्याची स्वच्छता’.

फोन मी केला. भाषा निवडल्यावर थोड्याच वेळात समुपदेशक ताई बोलू लागल्या. रुग्णाच्या वतीने नातेवाइकाने फोन केला तर चालतो, हे त्यांनी आधीच सांगितल्याने माझा संकोच गेला. मी ‘तिला मानसिक त्रास आहे’ एवढ्यावरच बोलत होतो, पण त्यांनी मला त्या ढोबळ शब्दांवर राहू दिले नाही. हे कधीपासून चालू आहे, दिवसातला किती वेळ यात जातो, न धुता राहिली तर काय होते, आपण करतो ते जास्त आहे असे तिला स्वतःला वाटते का, झोप आणि जेवण कसे आहे, घरातले तिला यात मदत करतात का, जगणे नकोसे झाल्याचे ती कधी बोलली आहे का, असे एकामागून एक प्रश्न त्यांनी शांतपणे विचारले. आजाराचे नाव त्यांनी उच्चारले नाही आणि फोनवर निदान होत नाही हे स्पष्ट सांगितले. तरीही फोन ठेवला तेव्हा आत्याच्या वागण्याकडे पाहण्याची माझी दृष्टी बदललेली होती, आणि माझ्या मते या सेवेचे सर्वांत मोठे मोल तेच आहे. मानसिक आजार ओळखायचा तो वागणे विचित्र आहे की नाही यावरून नव्हे. ते किती काळ टिकले, दिवसाचा किती भाग त्याने खाल्ला आणि माणसाचे काम, नाती व झोप यांना त्याने किती धक्का लावला, यावरून. या प्रश्नांनी ते आम्हाला शिकवले.

पुढे प्रत्यक्ष तपासणीत आत्याला मंत्रचळ, म्हणजे ओसीडी, असल्याचे निदान झाले. या आजारात नको असलेला विचार मनात पुन्हा पुन्हा घुसतो, त्याने प्रचंड अस्वस्थता येते आणि ती शमवण्यासाठी एखादी कृती करावीच लागते. कृतीने मिळणारा दिलासा क्षणिक असल्याने हे चक्र अधिकच घट्ट होते. अशा विचारांत किंवा कृतींत दिवसातला तासाभराहून अधिक वेळ जात असेल, किंवा त्यामुळे जगणे विस्कळीत होत असेल, तर ते आजाराचे लक्षण मानले जाते. धुण्याखेरीज कुलूप आणि गॅसचे बटण वारंवार तपासणे, वस्तू एका ठरावीक रेषेतच मांडणे, देवासमोर बसल्यावर मनात अभद्र विचार येणे आणि त्याच्या प्रायश्चित्तासाठी जप मोजत राहणे, अशीही त्याची रूपे असतात. शेवटचे रूप घरच्यांना बहुधा दिसतच नाही, कारण ते भक्ती म्हणून खपते. उपचारात औषधे आहेत, पण त्यांचा पुरता परिणाम दिसायला 8 ते 12 आठवडे लागू शकतात. त्यांच्या जोडीला भीतीला थोडे थोडे सामोरे जाऊन कृती टाळण्याचा सराव, हा या आजारावरचा सर्वांत भक्कम मानसोपचार आहे. घरच्यांनी रुग्णाच्या विधींत सामील होणे हळूहळू कमी करायचे असते, आणि ते तिला रागावून नव्हे, तिच्याशी आधी ठरवून. फोनवर आम्हाला विचारलेला ‘घरातले मदत करतात का’ हा प्रश्न याच कारणाने महत्त्वाचा होता, हे नंतर उमगले.

नैराश्याच्या बाबतीत ही सेवा विशेष उपयोगी पडते असे माझे मत झाले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 सालच्या अंदाजानुसार जगात सुमारे 97 कोटी लोक कोणत्या ना कोणत्या मानसिक आजारासह जगत होते, म्हणजे दर आठांत एक. त्यांत चिंताविकार आणि नैराश्य यांचाच वाटा सर्वाधिक. आपल्याकडचा माणूस ‘मला नैराश्य आले आहे’ असे सहसा म्हणत नाही. तो म्हणतो, अंगात त्राण नाही, डोके जड आहे, कशात मन लागत नाही, पहाटे तीनलाच जाग येते. उदासी किंवा कशातच रस न वाटणे, दिवसाचा बहुतांश वेळ आणि जवळजवळ रोज, किमान दोन आठवडे टिकले, आणि त्यासोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडली, आपण कुचकामी आहोत किंवा घराला ओझे आहोत असे वाटू लागले, तर त्याला नुसते टेन्शन म्हणून सोडून देता येत नाही. माझ्या परिचयातल्या एका शिक्षिकेने या क्रमांकावर फोन केला, तेव्हा त्यांना थायरॉइड आणि हिमोग्लोबिनची तपासणीही करून घेण्यास सांगण्यात आले. हा सल्ला मला फार समंजस वाटला, कारण शरीरातील काही बिघाड नैराश्यासारखेच दिसतात आणि ते आधी तपासणे आवश्यक असते.

जगणे संपवण्याच्या विचारांबद्दल समुपदेशक थेट विचारतात, याचे काही घरांना दडपण येते. तो प्रश्न विचारल्याने तसा विचार मनात पेरला जात नाही. उलट बोलायला वाट मिळते. येथे कायद्याचीही एक गोष्ट प्रत्येक घराला ठाऊक असावी. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 च्या कलम 115 नुसार, जीव देण्याचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे मानले जाते, त्यासाठी तिच्यावर खटला चालवला जात नाही आणि तिची काळजी, उपचार व पुनर्वसन यांची जबाबदारी सरकारवर येते. पोलिसांच्या भीतीने घटना लपवून ठेवणे आणि उपचारच टाळणे, हे आजही अनेक घरांत घडते. धोका त्या क्षणी समोर उभा असेल तर मात्र समुपदेशनाची वाट पाहू नये. माणसाला एकटे न सोडता 112 वर फोन करावा किंवा जवळच्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठावा.

चिंताविकारांबाबत थोडक्यात सांगता येईल. सतत सहा महिने किंवा अधिक काळ सगळ्याच गोष्टींची धास्ती वाटणे हा एक प्रकार. अचानक छाती धडधडणे, श्वास अडकणे, हातपाय थरथरणे आणि आता आपण मरणार असे काही मिनिटांत वाटून जाणे हा दुसरा. दुसऱ्या प्रकारातली माणसे आधी ईसीजी काढतात, आणि पहिल्या वेळी ते योग्यच आहे. हृदय नीट असल्याचे कळूनही झटके येत राहतात आणि माणूस एसटी, लिफ्ट, बँकेची रांग टाळू लागतो, तेव्हा दार मानसोपचाराचे ठोठवायला हवे. अशा वेळी मध्यरात्री कोणीतरी फोनवर बोलते आहे, श्वास संथ करायला सांगते आहे, हा आधार खरा असतो.

जिथे या सेवेची मर्यादा मला जाणवली, ते दोन आजार असे की ज्यांत आजारी माणसाला स्वतःला काही बिघडले आहे असे वाटतच नाही. पहिला द्विध्रुवीय विकार. त्यात नैराश्याच्या काळांबरोबर उन्मादाचेही काळ येतात : दोन-तीन तासांच्या झोपेवर माणूस ताजातवाना असतो, बोलणे थांबत नाही, डोक्यात योजना उसळतात, उधारीवर खरेदी होते, नोकरीचा राजीनामा दिला जातो. सुरुवातीला घरच्यांना आनंदच होतो, की मुलगा उत्साहात आला. असा माणूस स्वतः फोन करतो तो बहुधा उदासीच्या टप्प्यात, आणि आधीचा उन्माद सांगायचा राहून जातो. ही चूक महागात पडू शकते, कारण द्विध्रुवीय विकारात एकटे नैराश्यविरोधी औषध दिले तर उन्माद उफाळण्याची भीती असते. तिथे लिथियमसारखी मनःस्थिती स्थिर ठेवणारी औषधे लागतात आणि लिथियम घेताना रक्तातील प्रमाण, मूत्रपिंड व थायरॉइड यांवर नियमित लक्ष ठेवावे लागते. म्हणून या क्रमांकावर नैराश्यासाठी फोन करणाऱ्या प्रत्येकाला माझे सांगणे आहे की, आयुष्यात कधी आठवडाभर झोपेविना अफाट उत्साहाचा काळ येऊन गेला असेल तर तो न विचारताही सांगावा.

दुसरा आजार स्किझोफ्रेनिया, ज्याला मराठीत छिन्नमनस्कता म्हणतात. जगात साधारण 300 माणसांत एकाला तो असतो. बरेचदा ऐन तारुण्यात सुरू होतो. कोणी नसताना आवाज ऐकू येणे, शेजारी आपल्यावर पाळत ठेवून आहेत अशी पक्की खात्री असणे, ही लक्षणे लोकांना माहीत आहेत. त्याहून अधिक गैरसमज होतो तो शांत लक्षणांबाबत : अंघोळ सोडणे, मित्र तोडणे, तासन्‌तास भिंतीकडे पाहत बसणे, चेहऱ्यावर भाव नसणे. या मुलांना आळशी म्हटले जाते, किंवा बाहेरची बाधा म्हणून मांत्रिकाकडे नेले जाते. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, तरीही पहिली काही वर्षे तिथेच वाया घालवणारी कुटुंबे मी पाहिली आहेत, आणि उपचार सुरू होण्यास जितका उशीर तितके सावरणे कठीण. अशा मुलाच्या आईला टेलि-मानसवर धीर मिळतो, मुलाशी वाद कसा टाळावा आणि त्याच्या संशयाला हो किंवा नाही न म्हणता त्याच्या भीतीची विचारपूस कशी करावी हे तिला समजते. पण मुलगा फोनला हात लावत नाही, रुग्णालयात यायला तयार नाही, आणि घरी येऊन पाहील असे कोणी नाही. फोनच्या तारेला ही हद्द असणारच. दुसऱ्या पातळीवरच्या जिल्हा यंत्रणेने तिथून पुढची जबाबदारी उचलायला हवी.

माझी खरी तक्रार आहे ती या पुढच्या टप्प्याविषयी. आत्याला आम्ही एका सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात नेले. केसपेपर काढणे, रांग, पुन्हा दुसरी रांग यात सकाळ गेली आणि प्रत्यक्ष बोलण्यासाठी मिळाली ती काही मिनिटे, तीही दारात पुढचा रुग्ण उभा असताना. डॉक्टर सौजन्याने वागले, औषधे मोफत मिळाली, पण मंत्रचळासाठी लागणारा सराव शिकवायला तिथे मानसशास्त्रज्ञच उपलब्ध नव्हता. तो भाग आम्हाला खासगीत पैसे मोजून करावा लागला, आणि ज्यांना तो खर्च झेपणार नाही त्यांचे काय, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातील 10.6 टक्के प्रौढांना त्या वेळी मानसिक आजार असल्याचे आढळले होते आणि निरनिराळ्या आजारांत उपचारांविना राहिलेल्यांचे प्रमाण 70 ते 92 टक्के होते. त्या सर्वेक्षणातील 12 राज्यांत महाराष्ट्र नव्हता, त्यामुळे आपल्या राज्याची तशीच तपशीलवार मोजणी त्यातून मिळत नाही. दार ठोठावणाऱ्यांची संख्या फोनने वाढवली आहे. आत बसलेल्यांची संख्या त्या प्रमाणात वाढलेली दिसत नाही.

काही छोट्या गोष्टी. व्यसन, वृद्धांचा विस्मृतीचा त्रास, परीक्षेचा ताण अशा विषयांवरही येथे बोलता येते. 10 ऑक्टोबर 2024 रोजी सेवेचे ॲपही आले; स्वतःची काळजी घेण्यासंबंधीची माहिती त्यात आहे, परंतु ज्या वयोगटाला आमच्या घरी गरज होती त्यांना फोनच सोयीचा. गोपनीयतेबाबत बोलायचे तर, उपचारांची माहिती गोपनीय राहण्याचा हक्क 2017 च्या कायद्यानेच दिलेला आहे, हे लहान गावातल्या लोकांना आवर्जून सांगावे लागते, कारण ‘कोणाला कळेल’ ही भीती आजाराच्या भीतीपेक्षा मोठी असते. त्याच कायद्याने विमा कंपन्यांवर मानसिक आजारांसाठी शारीरिक आजारांच्या बरोबरीने विमा देण्याचे बंधन घातले आहे. फोनवर समुपदेशकांनी ही माहिती स्वतःहून दिली तर अनेक कुटुंबांचा आर्थिक धसका कमी होईल.

फोन करण्याआधी एक तयारी ठेवावी असे अनुभवावरून सुचवतो. त्रास सुरू झाल्याचा अंदाजे महिना, झोपेच्या वेळा, चालू असलेली सर्व औषधे, मद्य किंवा तंबाखूचे प्रमाण, घराण्यात कोणाला असा त्रास होता का, एवढे एका कागदावर लिहून जवळ ठेवले तर संभाषण नेमके होते आणि तोच कागद पुढे डॉक्टरांसमोर ठेवता येतो. रुग्णालयात आम्हाला मिळालेल्या त्या थोड्या मिनिटांत सर्वाधिक उपयोग याच कागदाचा झाला.

आत्याचे उपचार चालू आहेत. तिचे धुणे पुष्कळ कमी झाले आहे, आतोबा पुन्हा चपला काढून थेट माजघरात येतात, आणि कधी मध्येच जुनी अस्वस्थता वर आली तर ती ते स्वतः सांगते. राज्याच्या आरोग्य विभागाकडून माझ्या दोन अपेक्षा आहेत. टेलि-मानसने रुग्णालयाकडे पाठवलेल्या माणसाला तिथे ठरलेली वेळ मिळावी, जेणेकरून फोनवर एकदा सांगितलेले सगळे पुन्हा दारात उभ्याने सांगावे लागणार नाही. आणि प्रत्येक जिल्ह्याच्या मानसोपचार विभागात आठवड्यातले काही तास तरी केवळ संवाद आणि सराव यांतून होणाऱ्या मानसोपचाराच्या सत्रांसाठी राखलेले असावेत.